तिसऱ्या माळेचा फोटो

१

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालची. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी घरांच्या गच्च्यांवर तेव्हा केबलच्या तारांचं जाळं नुकतंच पसरलं होतं. पलीकडे गुडगावात मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या. आमच्या ह्यांच्या, म्हणजे बळवंतरावांच्या ऑफिसात रिटायरमेंट जवळ आलेली माणसं मान उंच करून त्या इमारतींकडे बघायची. तिथे एखादी खुर्ची मिळाली तर काय, असं प्रत्येकाच्या मनात असे.

आमच्या वरच्या मजल्यावर इंदुमती दाबके राहायच्या. आम्ही त्यांना इंदूताई म्हणायचो. सरकारच्या बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. नवरा गेलेला, मूल नाही, जीभ तिखट आणि हात सढळ. त्यांची भाची तेजश्री अमरावतीहून कलेक्टर व्हायला म्हणून दिल्लीला आली होती. एकदा परीक्षा हुकली, तेव्हा अभ्यास चालू ठेवून तिने गुडगावच्या एका कंपनीत नोकरी धरली. पानिपतच्या सतरंज्या आणि चादरी परदेशी पाठवणारी कंपनी. मालक आपलाच मराठी माणूस, इंद्रजित पाळंदे. दिल्लीतच जन्मलेला, गोरा, गोड बोलणारा, मंडळाच्या गणपतीत सगळ्यांत पुढे उभा राहणारा.

नवरात्राची तिसरी माळ होती. मी जेवणाची पानं घेत होते, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. तेजश्री होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, ओढणी नाही. मी पुढे झाले तशी ती म्हणाली, "काकू, मला हात लावू नका. मावशीला बोलवा."

परदेशी गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचेत असं सांगून पाळंदेने तिला कंपनीच्या गेस्ट हाउसवर बोलावलं होतं. तिथे गिऱ्हाइकं नव्हती. पुढचं तिने मावशीला सांगितलं आणि पुढे कोर्टात सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

इंदूताई तिला न्हाणीघराकडे नेऊ लागल्या, तर ती दारातच थांबली. "नाही मावशी. मी आंघोळ करणार नाही. आधी डॉक्टर, मग पोलीस. क्लासमध्ये शिकलेय मी हे." आवाज अगदी सरळ होता. आमचे हे तसेच पायजम्यावर टॅक्सी आणायला धावले.

फिर्याद नोंदवली गेली, तपासणी झाली. पाळंदेला बोलावणं गेलं ते मात्र दसऱ्यानंतर. आणि आल्या आल्या तो हसत म्हणाला, की त्या संध्याकाळी मी गुडगावात नव्हतोच. माझ्याकडे पुरावा आहे.

२

पुरावा म्हणजे एक फोटो.

तो आम्ही पाहिला थंडी सरता सरता, गुडगावच्या कोर्टात. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होते. तेजश्रीच्या सोबतीला म्हणून मला आणि इंदूताईंना आत बसू देत. तेजश्रीची साक्ष आधीच झाली होती. पाळंदेच्या वकिलाने तिला विचारायचं ते आणि विचारू नये तेही विचारलं होतं. तू ओरडली का नाहीस, असं त्याने तीन तऱ्हांनी विचारलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "वकील साहब, मी ओरडले होते. तुम्ही नव्हता तिथे. तुमचे अशील होते, त्यांना विचारा." तिच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत करणारी कृतिका मलिक नावाची तरुण वकील होती. तिने फायलीत तोंड लपवलं, हसू दिसू नये म्हणून.

अशा उभ्या राहिलेल्या खटल्यात तो फोटो आला. आर. के. पुरममधल्या विष्णुपंत आपटीकरांच्या घरचा. विष्णुपंतांना आम्ही सगळे ओळखत होतो. मोठ्या हुद्द्यावरचे, मंडळात दर वर्षी अथर्वशीर्ष म्हणणारे. फोटोत पाळंदे झब्बा घालून हात जोडून बसलेला. मागे आपटीकरांचा घट. वर टांगलेल्या झेंडूच्या माळा. आणि कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, तिसऱ्या माळेची. जपानी कॅमेरा आपोआप तारीख छापायचा. तेव्हा त्याचं मोठं अप्रूप होतं.

विष्णुपंतांनी शपथेवर सांगितलं, की दिवेलागणीपासून जेवण होईपर्यंत इंद्रजित आमच्याकडे होता. फोटो त्यांच्या मुलाने, यतीनने काढला होता. निगेटिव्ह हरवली म्हणाला. गेस्ट हाउसचा चौकीदार कधीच गावी निघून गेला होता. आता एका बाजूला तेजश्रीचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला देवीसमोरचा फोटो.

कृतिका म्हणाली, तारखेचं काय, कॅमेऱ्याचं बटण दाबून हवी ती तारीख लावता येते. पण लावली हे सिद्ध कसं करायचं? तिला आमच्या घटाची पद्धत ठाऊक नव्हती. आमच्याकडे पहिल्या दिवशी परळात, म्हणजे मातीच्या पसरट थाळीत, माती घालून धान्य पेरतात, त्यात कलश ठेवतात, आणि रोज एक माळ वर बांधतात. जुनी काढायची नाही. घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. म्हणजे दुसऱ्या कुठल्या दिवशी फोटो काढला असेल, तर माळा जास्त दिसायला हव्या. मी श्वास रोखून मोजल्या.

तीनच होत्या.

३

पुढच्या रविवारी इंदूताई म्हणाल्या, चल, आपटीकरांकडे चहाला जाऊ. मी म्हटलं, ते दार उघडतील का? त्या म्हणाल्या, "मराठी माणूस आहे गं. दारात आलेल्या बाईला पाणी विचारल्याशिवाय राहवेल का त्याला?"

राहवलं नाही. विष्णुपंतांनीच दार उघडलं. आम्हाला बघून चेहरा आंबला, पण बसा म्हणाले. निवृत्तीला त्यांचं वर्ष राहिलं होतं, आणि पुढची खुर्ची पाळंदेच्या कंपनीत ठरली होती, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. यतीन तर तिथे कामालाच होता. इंदूताईंनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या. विष्णुपंतच आपणहून मुद्द्यावर आले. म्हणाले, "इंदूताई, मुलीबद्दल मला वाईट वाटतं. पण जे झालं ते झालं म्हणून मी खोटं कसं बोलू? तिसरी माळ होती. फोटोत माळा मोजून घ्या हवं तर."

"मोजल्या," इंदूताई म्हणाल्या.

यतीन आतून आला. पंचविशीचा, जीन्स घातलेला, आमच्या नजरेला नजर न देणारा. मी सहज विचारलं, की बाबा रे, तू फोटो काढलास तेव्हा माळा किती होत्या? तो गोंधळला. "माळा? म्हणजे ते हार ना, आंटी? किती लावतात ते मला नाही पता. ते सब मम्मीचं डिपार्टमेंट आहे." विष्णुपंत लगेच म्हणाले, याला काय कळतंय, इथली मुलं सगळी अशीच.

मम्मी म्हणजे प्रभावहिनी. त्या चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता बशीत सांडला. सबंध मंडळात सुगरण म्हणून नाव असलेली ही बाई, तिच्या हातून चहा सांडताना मी पहिल्यांदाच पाहिला. कोर्टात त्यांना बोलावलंच नव्हतं. तब्येत बरी नसते असं विष्णुपंतांनी सांगितलं होतं. मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, पाळंदे आले होते का हो त्या दिवशी?"

"लतावहिनी, मला नका विचारू. घरातली माणसं बोललीत ना."

मग ओट्याकडे तोंड करून त्या वेगळंच बोलू लागल्या. म्हणाल्या, यंदा माझं नवरात्र नासलं. अष्टमीला आपण मंडळात घागरी फुंकायला गेलो होतो ना, तिथून परत येऊन बघते तर देवीच्या माळांचा क्रम बिघडलेला. सुकलेल्या पुढे, ताज्या मागे. मी अशा कधी बांधत नाही. देवी रागावलीय माझ्यावर. बोलता बोलता त्यांनी पदराने डोळे टिपले.

घागरी फुंकण्याची ती संध्याकाळ मला चांगली आठवत होती. घागर फुंकावी तर प्रभावहिनींनीच. बाकीच्या आम्ही दोन फेऱ्यांत धापा टाकत बसतो. मी त्यांची समजूत घातली, की उंदराने ओढल्या असतील. घरी येताना बसमध्ये इंदूताईंना हे सांगितलंसुद्धा नाही. एका धास्तावलेल्या बाईची देवभोळी काळजी, त्यात सांगण्यासारखं काय?

४

तारखा पडत राहिल्या. तेजश्री अभ्यासाला बसायची, पण पान उलटायचं नाही. एकदा म्हणाली, "मावशी, मी हरले तर लोक म्हणतील खोटारडी होती. आणि तो परत मंडळात आरती करेल, सगळ्यांच्या पुढे." त्या दिवशी इंदूताईंनी तिच्यासाठी इतके बटाटेवडे तळले, की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं घरात बारसं आहे.

त्यांनी सरोजिनी नगरच्या स्टुडिओतून कोर्टातल्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली होती. कृतिकाने परवानगी मिळवून दिली होती. ती प्रत जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली असायची. आमटी वाढताना पाळंदेवर डाव पडायचा, एवढंच आम्हाला समाधान.

एका दुपारी मी मटकी घेऊन वर गेले. फडक्यात बांधून ठेवली होती; उसळीपुरते मोड आले होते, पण मला ते अजून लांब हवे होते. इंदूताईंना विचारलं, हिला आणखी एक दिवस ठेवू का? त्यांनी फडकं उघडलं, एक दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला आणि तशाच थांबल्या. मला वाटलं, मटकीला वास येतोय.

"लता," त्या म्हणाल्या, "आपण किती मूर्ख आहोत. सरक बघू."

मटकी टेबलावर तशीच टाकून त्यांनी काचेखालचा फोटो ओढून काढला. भिंगातून पाळंदेच्या कोपराच्या मागे बघितलं. मग भिंग शेजारी अभ्यासाला बसलेल्या तेजश्रीच्या हातात दिलं. "माळा नको बघू. खाली बघ. परळात."

तेजश्रीने पाहिलं. आधी कपाळाला आठी पडली, आणि मग कित्येक महिन्यांनी मी तिला मोकळं हसताना पाहिलं.

परळात गव्हाचं दाट रान माजलं होतं. पिवळट हिरवं, वीतभर उंच, कलशावरच्या नारळापर्यंत पोचलेलं.

५

"तिसऱ्या दिवशी काय असतं?" इंदूताई परीक्षा घ्यावी तशा विचारू लागल्या.

मी म्हटलं, दाण्याला मोड फुटलेला असतो. एखादं हिरवं टोक मातीतून डोकावतं, तेही नशीब असेल तर.

"आणि वीतभर?"

"आठवी माळ. नववी."

म्हणजे फोटो तिसऱ्या दिवशीचा नव्हता. घट नऊ दिवसांत स्वतःच कॅलेंडर होतो, आणि ते मागे फिरवायचं बटण कुठल्या कॅमेऱ्याला नसतं. पण मग माळा तीनच कशा? कुणीतरी पाच माळा काढून फोटो काढला, आणि पुन्हा बांधल्या. हे ऐकताच मला प्रभावहिनींचं रडणं आठवलं. सुकलेल्या पुढे, ताज्या मागे. मी ते सांगितल्यावर इंदूताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की आजही मटकी निवडताना ती आठवते.

"आता सांग, हे कुणी केलं?" त्या म्हणाल्या. "पाळंदेला माळांचं ठाऊक नाही, तो दिल्लीचा. यतीनला माळेला हार म्हणतात असं वाटतं. प्रभा घागर फुंकत होती, आपण दोघी साक्षीला आहोत. मग उरलं कोण?"

"विष्णुपंत," तेजश्री म्हणाली. "पण मावशी, त्यांना एवढं सगळं ठाऊक आहे, मग रोप कसं दिसलं नाही?"

इंदूताई हसल्या. त्यांचं ते पुढचं वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. "कारण त्यांनी आयुष्यात घटाला पाणी घातलेलं नाही. ते आरतीला येतात, मान वर करून माळा बघतात, खाली वाकत नाहीत. रोज सकाळी पाणी घालणारी बाई असती, तर तिने आधी रोपच झाकलं असतं."

उलगडा झाला, पण तो कोर्टात टिकायला हवा होता. कृतिका फोनवर म्हणाली, की मावशी नात्यातल्या आहेत, समोरचा वकील तेच धरून बसेल. आपटीकरांच्या घरातलं कुणी बोलेल का?

मी एकटीच आर. के. पुरमला गेले. विष्णुपंत ऑफिसात होते. फोटो मी प्रभावहिनींच्या समोर ओट्यावर ठेवला आणि परळावर बोट ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. पहिल्यांदा चेहऱ्यावर आलं ते समाधान, खरं सांगते. देवी रागावलेली नव्हती. मग ते समाधान गेलं आणि त्या खाली बसल्या.

"मला म्हणाले, तिसऱ्या दिवशी इंद्रजित येऊन गेला, तू देवळात गेली होतीस तेव्हा. मी देवळात गेलेच नव्हते, वहिनी. विचार केला, मलाच आठवत नसेल. माणूस असं कसं मानून घेतं?"

मी कपबशा विसळून ठेवल्या आणि निघाले. दारात विचारलं, कोर्टात याल का? त्यांनी दार लावून घेतलं.

६

पुढची तारीख एप्रिलात पडली, आणि योगायोग असा, की ती चैत्राच्या नवरात्रात आली. पंजाब-हरियाणाकडच्या घरांतून या दिवसांत जव पेरतात, त्याला खेतरी म्हणतात. इंदूताईंनी पहिल्या दिवशी परळात गहू पेरला होता आणि आता तो कापडी पिशवीतून कोर्टात आणला. दारावरच्या हवालदार बाईने पिशवी उघडली आणि हात जोडून बाजूला झाली.

इंदूताई साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आपली सगळी नोकरी बियाणं तपासण्यात झाली, असं सांगून त्यांनी फोटोतलं रोप दाखवलं. पाळंदेचा वकील उठला. तुम्ही मुलीच्या मावशी, नाही का, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मग म्हणाला, काही मातीत धान्य लवकर उगवतं, काहीत उशिरा, त्यावर माणसाला तुरुंगात घालायचं का?

कृतिकाने परळ टेबलावर ठेवला. "आज तीसरा नवरात्रा है, जनाब. ये तीन दिन का है." मातीतून हिरवी टोकं जेमतेम वर आली होती.

जज्जसाहेब वाकून परळाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून वकिलाला म्हणाले, "वकील साहब, आपके घर खेतरी बोते हैं?"

"जी. माताजी बोती हैं."

"कितनी हुई?"

वकील बोलायला उघडलेलं तोंड तसंच ठेवून उभा राहिला. मग बोटांच्या पेरावर नखाएवढं माप दाखवलं. टायपिस्टचे हात थांबले होते; तोही बहुधा आपल्या घरच्या खेतरीचा विचार करत होता. जज्जसाहेबांनी घसा खाकरला आणि बजावलं, की कुणाच्या घरची गोष्ट पुरावा होत नाही, इतर साक्षीदार असेल तर आणा.

कृतिकाने आमच्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तेजश्रीने माझा हात धरला. कृतिका पुढची तारीख मागायला उभी राहिली, एवढ्यात हवालदार बाईने आत येऊन चिठ्ठी दिली, की बाहेर एक बाई आलीय, मराठी बोलते, नाव प्रभा आपटीकर सांगते.

त्या नऊवारी नेसून आल्या होत्या, सणाला नेसतात तशा. विष्णुपंत त्या दिवशी कोर्टात होतेच, पाळंदेच्या बाजूचे. साक्षीदार म्हणून ते मागच्या बाकावर बसले होते. बायकोला पाहून ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. जज्जसाहेबांची परवानगी घेऊन प्रभावहिनींनी शपथ घेतली. हिंदी त्यांना मोडकंतोडकं यायचं. कृतिकासाठी मी दुभाष्याचं काम केलं. तिसऱ्या माळेला मी दिवसभर घरी होते, पाळंदे आले नाहीत. अष्टमीला मी बाहेर होते, परतले तेव्हा माळा विस्कटलेल्या होत्या. बस्स, एवढंच सांगायचं होतं. ते सांगून झाल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या. ते जज्जसाहेबांनी थांबवायला हवं होतं, पण थांबवलं नाही.

"त्याने पोरीवर हात टाकला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याच्यासाठी घटावर हात टाकलात. मला दोन्हींत फरक दिसत नाही."

विष्णुपंत उभे राहिले. मोठ्या हुद्द्यावरचा तो माणूस टेबलावरच्या इवल्या हिरव्या टोकांकडे बघत म्हणाला, मला माझी साक्ष बदलायची आहे.

पाळंदे मात्र अजून हसत होता. हसू थांबवायचं राहून गेल्यासारखा.

७

पाळंदेला सात वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टातही ती टिकली. सुटून आल्यावर तो दिल्लीत दिसला नाही. कंपनी भावाने घेतली आणि तिचं नाव बदललं.

कृतिका पुढे स्वतः जज्ज झाली. दर चैत्रात मला फोन करायची, "आंटी, कितनी हुई?" मी माप सांगायचे. यतीनने नोकरी सोडली. त्याच्यावरही खटला होणार होता, पण खरं सांगून टाकल्यावर कोर्टाने ताकीद देऊन सोडलं. त्याने मुनिरकाला फोटोचा स्टुडिओ काढला, लग्नांचे फोटो काढायचा. तारीख छापायला त्याचा ठाम नकार असे.

विष्णुपंतांना खोट्या साक्षीबद्दल थोडी शिक्षा आणि पुष्कळ लाज सोसावी लागली. खुर्ची गेली. प्रभावहिनी त्यांना सोडून जातील असं आम्हाला वाटलं होतं. त्या गेल्या नाहीत. पुढच्या नवरात्रात मात्र त्यांनी परळ पेरला आणि तांब्या नवऱ्याच्या हातात दिला. मरेपर्यंत दर वर्षी नऊही दिवस घटाला पाणी विष्णुपंतांनी घातलं, गुडघे दुखायचे तरी खाली वाकून. मंडळातल्या बायका मुद्दाम सकाळी बघायला जायच्या. मीही गेले आहे.

आमचे हे दोन हजार नऊमध्ये गेले. इंदूताई त्याच्या आधी. त्यांचा परळ माझ्याकडे आहे, काठाला एक टवका उडालेला, कोर्टातून परत आणताना बसमध्ये उडाला तो.

तेजश्री कलेक्टर झाली नाही. तिने कायदा शिकला, नागपुरात कामगार बायकांचे खटले चालवते, लग्न केलं, तिला एक मुलगी आहे, तनया. मुलगी फार बोलते, इंदूताईंसारखी. मागच्या नवरात्रात तिसऱ्या माळेच्या सकाळी माझ्या फोनवर चित्र आलं. घट, तीन माळा, आणि मातीतून वर आलेली दोन-चार हिरवी टोकं. खाली तनयाने लिहिलं होतं, "आजी, आई विचारतेय, तारीख बरोबर आहे ना?"

मी चष्मा लावला, चित्र मोठं केलं, माळांकडे न बघता आधी खाली पाहिलं, आणि लिहिलं, बरोबर आहे.